कचेरी पडद्यावर आली, पण ती ऐकू येते का?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा होते ती पाट्यांची, शाळांची आणि परिपत्रकांची. या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहावे लागणार आहे. आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते अशा एका कोपऱ्याकडे, जिथे भाषेचा प्रश्न आणि अपंगत्वाचा प्रश्न एकाच खिडकीशी येऊन उभे राहतात. ही खिडकी आता कचेरीच्या भिंतीत राहिलेली नाही, ती संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर गेली आहे. जोयडा तालुक्यातला एखादा अंध मराठी माणूस तिच्यासमोर उभा राहिला, तर त्याच्या कानावर काय पडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. काळी नदीवर धरण झाले, सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांच्या वसाहतीतून रामनगर उभे राहिले. जगलबेट, कॅसलरॉक, अणमोड, कुंभारवाडा, डिग्गी, अणशी, उळवी ही नावे नकाशावर जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात मधे रान आहे, घाट आहेत, ओढे आहेत आणि व्याघ्र प्रकल्पाची हद्द आहे. जिल्ह्याचे ठिकाण कारवार, आणि तिकडे जायचे तर अणशी घाट उतरावा लागतो. घराघरांत बोलली जाते ती कोकणी आणि मराठी. जुन्या पिढीतले पुष्कळ लोक मराठी शाळेत शिकले, त्यांना वाचता येते ती देवनागरी. बाजारात, बसमध्ये कन्नड कानावर पडते आणि बऱ्याच जणांना ती समजतेही. पण कानाला कळणारी कन्नड आणि कागदावरची कन्नड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

समोर माणूस होता

पूर्वी कचेरीत खेटे घालावे लागत. साहेब दौऱ्यावर असत, कारकून जेवायला गेलेला असे, शिक्का कपाटात असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. पण तेव्हा समोर माणूस होता. तो खेकसला तरी मराठी-कोकणीत खेकसत असे, आणि अंध म्हाताऱ्याचा हात धरून ‘इथे अंगठा करा’ म्हणून सांगत असे.

आता काम पडद्यावर गेले. कर्नाटकात २००० सालापासून ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आले. मग जातीचे, उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीच्या संगणकावर गेले. ‘सेवा सिंधु’वर निरनिराळ्या खात्यांच्या सेवा एकत्र आल्या, आणि जानेवारी २०२२ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर ‘ग्राम वन’ केंद्रे सुरू झाली. अपंगत्वाच्या दाखल्याची गोष्ट तर याहून सक्तीची आहे. १ जून २०२१ पासून हा दाखला केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरूनच काढायचा, असा नियम झाला. तिथूनच अपंगांचे ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वाला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे आणि त्यावर निळे. हे कार्ड, निदान त्याचा नोंदणी क्रमांक, हाती असल्याशिवाय केंद्राच्या योजनांची दारे उघडत नाहीत.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. पायांनी अधू असलेल्या माणसाला कारवारपर्यंत चार खेपा घालायला लावण्यापेक्षा घरच्या फोनवर काम झाले तर त्यासारखे सुख नाही. किंबहुना, संगणकाचा सर्वात मोठा फायदा ज्याला व्हायला हवा तो हाच माणूस. म्हणून तर त्याच्यासाठी ते पान चालत नसेल तर ते अधिक खटकते.

अशी माणसे किती, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जोयड्याची वस्ती अर्ध्या लाखाच्या आसपास धरली, तर याच प्रमाणाने हजार-अकराशे माणसे होतात. हा नुसता त्रैराशिकाचा हिशेब आहे, गावोगावच्या मोजणीचा नव्हे. शिवाय त्या जनगणनेत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले.

यंत्राला भाषा सांगावी लागते

अंध माणूस फोन वापरतो कसा, हे अनेक डोळसांना ठाऊक नसते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक सोय असते, तिला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा असा वाचक फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली त्याला सुरुवात केली आणि जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ सहसा आधीपासूनच असतो. तो चालू केला की बोट एकदा टेकवल्यावर त्या जागी काय आहे ते फोन बोलतो आणि दोनदा टेकवल्यावर ते उघडतो. म्हणजे जगलबेटच्या अंध मुलाच्या खिशात हे साधन बहुधा आजच आहे. फक्त त्याला ते कोणी दाखवलेले नसते.

परंतु यंत्र बोलणार ते पानात जे आहे तेच. आम्ही एका सरकारी खात्याचे पान (नाव घेण्याचे कारण नाही) फोन पालथा धरून, नुसते कानांनी चालवून पाहिले. आधी ‘चित्र’ असे ऐकू आले. मग ‘बटण’. मग ‘नाव नसलेले बटण’. पुन्हा ‘नाव नसलेले बटण’. यातले अर्ज पाठवायचे बटण कोणते आणि अर्ज पुसून टाकायचे कोणते, हे शेवटपर्यंत समजले नाही. सर्वात शेवटी वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा, अशी परीक्षा होती. ती अक्षरे चित्रात होती आणि ऐकण्याची सोय नव्हती. तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, असे ते पान सांगत होते, आणि अंध माणसाला ते सिद्ध करण्याचा मार्ग ठेवलेला नव्हता.

आता भाषेकडे येऊ. प्रत्येक पानाच्या पोटात, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, हे पान अमुक भाषेतले आहे अशी एक नोंद करायची असते. बोलणारे यंत्र ती नोंद पाहून आवाज निवडते. पान कन्नड आणि नोंद इंग्रजीची, असे झाले की यंत्र इंग्रजी आवाजाने कन्नड अक्षरे वाचू पाहते. मग ते अक्षरे गाळते, एकेका अक्षराचे नाव घेत बसते किंवा सरळ गप्प राहते. काही यंत्रे लिपीवरून भाषा ताडतात. कन्नड लिपीला ते एक वेळ जमेल. पण देवनागरीत मराठी आहे, हिंदी आहे, कोकणी आहे, नेपाळीही आहे. नोंद नसेल तर यंत्र मराठी मजकूर हिंदीच्या आवाजात वाचून मोकळे होते. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा आहे हे हिंदीच्या आवाजाला कुठून ठाऊक असणार? ‘ळ’ची तर दशा विचारू नये. उळवी आणि काळी नदी ज्या तालुक्यात आहेत तिथे हे काही किरकोळ नव्हे. ही नोंद करायला एका ओळीचे काम लागते, आणि जगभरच्या नियमांत ती अगदी पहिल्या पायरीची अट आहे.

दुसरी अडचण जुनी आहे. पूर्वी कन्नडसाठी ‘नुडी’, मराठीसाठी ‘श्रीलिपी’ अशा अक्षरसंचांत मजकूर बसवत. पडद्यावर अक्षर दिसे कन्नड किंवा मराठी, पण संगणकाच्या पोटात ते इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी साठवलेले असे. डोळ्यांना सुबक परिपत्रक, कानाला मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. युनिकोड आल्यावर हा रोग बरा होण्याजोगा झाला आणि नुडीनेही युनिकोड स्वीकारले. तरी जुन्या पद्धतीने तयार केलेल्या फायली आहेत तशा पडून राहतात. त्याहून वाईट म्हणजे सही-शिक्क्यासह कागदाचा फोटो काढून तो चढवून देणे. फोटोत अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते.

इथेच आम्हाला मराठी वाचकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. समजा, मोठ्या खटपटीनंतर एखादे परिपत्रक मराठीत निघाले आणि त्याचा फोटो संकेतस्थळावर लागला. आपण म्हणू, मराठी मिळाली. पण अंध मराठी माणसाला काय मिळाले? त्याच्या फोनने ‘चित्र’ एवढाच शब्द उच्चारला. त्याच्या लेखी ते परिपत्रक कन्नडमध्ये, मराठीत किंवा चिनी भाषेत असले तरी सारखेच.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. आम्ही वर म्हटले की जोयड्यात कन्नड कानाला कळते, डोळ्यांना कळत नाही, अशी पुष्कळ माणसे आहेत. पान खऱ्या अक्षरांत असेल, भाषेची नोंद बरोबर असेल, तर या डोळस माणसालाही फोन ते वाचून दाखवू शकतो. आणि खऱ्या अक्षरांचा मजकूर असला तर त्याचे मराठी भाषांतरही फोनवर ताबडतोब होते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम भाषांतराच्या याच कामासाठी सुरू केला. यंत्राचे भाषांतर कायद्याच्या शब्दांत चुकते, त्यावर सही करण्याइतका भरवसा कोणी ठेवू नये. पण शेवटची तारीख कोणती आणि कागद कोणते जोडायचे एवढे त्यातून कळते. अंधासाठी बांधलेल्या पायवाटेने सीमाभागातला मराठी माणूसही चालू शकतो, तो असा.

ठिपक्यांना सीमा नाही

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतातल्या भाषांसाठी १९५१ साली एकच ‘भारती ब्रेल’ ठरली. तीत एका उच्चाराला सगळ्या भाषांत तेच ठिपके. मराठीतला ‘क’ आणि कन्नडमधला ‘क’ डोळ्यांना किती निराळे दिसतात! बोटाला मात्र दोन्ही एकच लागतात, पहिला आणि तिसरा ठिपका. ज्या प्रदेशात पाटीवरच्या लिपीवरून दगडफेक झाली आहे, तिथल्या अंध मुलांना दोन्ही भाषांची लिपी एकच आहे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ब्रेलमधले मराठी वाचनही जिवंत आहे. स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक सुरू केले.

अर्थात ब्रेल शिकण्याची संधी रानातल्या वाड्यांवर फार थोड्यांना मिळते, आणि म्हातारपणी दृष्टी गेलेल्यांना तर नाहीच. त्यांचा आधार कानच.

अंधांविषयी आम्ही विस्ताराने लिहिले, पण बाकीच्यांचे हालही कमी नाहीत. कर्णबधिर माणसाला ‘मदतीसाठी या क्रमांकावर बोला’ ही सूचना म्हणजे बंद दारच. माहितीच्या चित्रफितीखाली शब्द नसतात. ज्याचे हात थरथरतात त्याला बारीक चौकोनात नेमके बोट टेकवता येत नाही. कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या माणसाचा ठसा उमटत नाही. फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक काही मिनिटांत भरायचा असतो. रेंजसाठी टेकाडावर जावे लागते अशा वाडीत धडधाकट माणूसही तो वेळेत भरू शकत नाही, मग कुबडीवरचा कसा भरणार?

कायदा काय म्हणतो

हे सारे दयेचे काम आहे असे समजू नये. जगात याची जाण जुनी आहे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे पहिले आंतरराष्ट्रीय नियम मे १९९९ मध्ये निघाले. पुढच्याच वर्षी सिडनीला ऑलिंपिक झाले. त्याआधी ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी तक्रार केली, की संयोजन समितीच्या संकेतस्थळावरची चित्रे आणि निकालांचे तक्ते आपल्याला वाचता येत नाहीत. समितीने खर्चाची आणि वेळेची कारणे पुढे केली. तिथल्या मानवी हक्क आयोगाने ती मानली नाहीत, आणि समितीला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

आपल्याकडे केंद्र सरकारने २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारली. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ जाहीर झाले. त्याच सुमारास सरकारी भाषेत ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. शब्द पटकन बदलला, पानांना मात्र वेळ लागतो आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ४० व्या कलमाने संकेतस्थळांसह सर्व सोयींचे निकष ठरवायचे, ४२ व्या कलमाने माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात द्यायची, आणि ४६ व्या कलमाने सरकारी असो वा खासगी, सेवा देणाऱ्याने नियम निघाल्यापासून दोन वर्षांत ते पाळायचे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. दोन वर्षे केव्हाच उलटली. कायदा मोडणाऱ्याला ८९ व्या कलमाखाली पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग अडले कुठे? राजीव रतुरी या दृष्टिहीन अर्जदाराने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याचे उत्तर मिळाले. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम मात्र शिफारशीची, हे न्यायालयाने दाखवले. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून त्यांनी सक्तीचे निकष तीन महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल झाला. एक ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, दुसरे दृष्टिहीन. ओळख पटवण्यासाठी फोनसमोर डोळे मिचकावा, या अटीने दोघांनाही अडवले होते. संगणकावरून सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवा, पानांची ठरावीक काळाने तपासणी करा, तपासणीत दृष्टिहीनांना घ्या, कागदावरून ओळख पटवण्याची वाट बंद करू नका, असे त्यांत आहे. यातला शेवटचा निर्देश जोयड्यासारख्या तालुक्याला फार महत्त्वाचा.

या सगळ्यात मराठी कुठे आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर कुठेच नाही. संपूर्ण कन्नड पान अपंगांच्या सगळ्या कसोट्यांना उतरू शकते. पानाची भाषा नोंदवा एवढेच ते नियम सांगतात, कोणती भाषा द्या ते सांगत नाहीत. भाषेचा हक्क दुसऱ्या दाराने येतो. केंद्राचे १९५६ चे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून असे ठरले, की ज्या स्थानिक क्षेत्रात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते, आणि ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत. १९६१ साली सूचना कागदावर निघत, आज त्या पडद्यावर निघतात. ठरावातला ‘प्रसिद्ध’ हा शब्द पडद्याला लागू नाही, असे म्हणायला आधार काय?

काही मंडळी म्हणतात, आधी मराठी मिळवू, अपंगांचे नंतर पाहू. आम्हाला हे मान्य नाही. आधी मराठीतला फोटो मिळायचा आणि मग आणखी वीस वर्षांनी त्याची अक्षरे व्हायची, इतका वेळ साठीतल्या अंध बाईजवळ नाही. कोकणीभाषक शेजाऱ्यांनाही या मागणीतून वगळू नये, त्यांचीही अडचण तीच आहे.

अर्ज कसा करावा

‘पान चालत नाही’ एवढीच तक्रार केली तर उत्तर येते, ‘आमच्याकडे चालते’. म्हणून तारीख, वेळ, कोणत्या खात्याचे कोणते पान, काय काम करायचे होते, कोणत्या पायरीवर अडले आणि फोन त्या ठिकाणी काय बोलला, हे लिहावे. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर अपंगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि तो स्वतः अपंग असतो. त्याला सोबत बसवून पान चालवून पाहिले तर तक्रारीला वजन येते. ओळखपत्राची प्रत जोडावी, नसेल तर नोंदणी क्रमांक द्यावा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो.

पान वापरता येत नाही, ही तक्रार बेंगळूरच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करावी. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने काय केले ते तीन महिन्यांत त्यांना कळवावे, असे कायद्याचे ८१ वे कलम आहे. पान मराठीत नाही, हे गाऱ्हाणे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे. दोन्ही एकाच कागदावर लिहू नयेत. प्रत्येक कचेरी दुसऱ्या अर्ध्याकडे बोट दाखवते आणि अर्ज दोन्हीकडे पडून राहतो. दोन्ही अर्ज मराठीत लिहावेत, एक प्रत तहसीलदारांना द्यावी, आणि पोच घेताना तारखेचा शिक्का उमटला आहे की नाही ते सोबतच्या डोळस माणसाकडून तिथेच पाहून घ्यावे.